छोट्या शहरांच्या मैलापाण्याचा हिशेब

वाईत सेप्टिक टँक उपसणारी गाडी कुणी फोन करायची वाट पाहत नाही. नगरपरिषदेने शहराचे भाग पाडून वेळापत्रक केलं आहे. आपल्या भागाची पाळी आली की गाडी दाराशी येते, टाकीचं झाकण निघतं, पाइप आत जातो आणि टाकी रिकामी करून गाडी पुढच्या घराकडे वळते. टाकी तुंबलेली असो वा नसो, तीन वर्षांतून एकदा ती उपसायचीच, असा नेम. त्या दिवशी घरमालकाने वेगळे पैसे द्यायचे नसतात; वर्षाच्या करात स्वच्छता कराची रक्कम असते, तिच्यातून हा खर्च भागवायचा. कृष्णेच्या घाटांच्या आणि ढोल्या गणपतीच्या या गावाची वस्ती २०११च्या जनगणनेत जेमतेम ३६ हजार होती. त्याने ही पद्धत २०१८ मध्ये सुरू केली. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही त्याच सुमारास हीच वाट धरली. दोन्ही ठिकाणी आखणीला अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची मदत होती.

यात एवढं विशेष काय, हे कळायला इतर गावांत काय चालतं ते पाहावं लागतं.

बहुतेक घरांत सेप्टिक टँक एकदा बांधला की आठ-दहा वर्षं कुणी त्याचं झाकण उघडत नाही. संडास तुंबला किंवा घरात कार्य निघालं आणि अंगणात वास सुटला, की मग गाडीची शोधाशोध. गाडीवाला येतो, टाकी उपसतो, पैसे घेतो आणि जातो. कुठे जातो, हे कुणी विचारत नाही. गावाबाहेरचा ओढा, पडीक रान, कचरा डेपो, जे जवळ पडेल तिथे चार-पाच हजार लिटर मैला मोकळा होतो. हा मैला वर्षानुवर्षं टाकीत साचून घट्ट झालेला असतो. गटारातल्या पाण्यापेक्षा तो कितीतरी पटींनी घातक असतो.

आणि मधल्या आठ-दहा वर्षांत काय होतं? सेप्टिक टँकचं काम साधं असतं. मैला तळाशी बसतो, त्यातला काही भाग जिवाणू कुजवतात आणि वरचं पाणी पुढच्या शोषखड्ड्यात जातं. गाळ चढत गेला की टाकीत पाणी थांबायला जागाच उरत नाही. मग वरून आलेला मैला जवळजवळ तसाच बाहेर पडतो. शोषखड्डा असला तर निदान जमिनीत, नाहीतर घरासमोरच्या उघड्या गटारात. म्हणून वाईच्या वेळापत्रकाला महत्त्व आहे. नेमाने उपसलेली टाकी हे त्या घरापुरतं छोटं शुद्धीकरण केंद्रच असतं, आणि उपसलेला गाळ नेऊन टाकायला वाईत रोज ७० हजार लिटर क्षमतेचं स्वतंत्र केंद्र उभं आहे.

२०११च्या जनगणनेनुसार देशातल्या शहरी घरांपैकी ३८ टक्के घरांचे संडास सेप्टिक टँकला जोडलेले होते. भुयारी गटाराला जोडलेली घरं ३३ टक्केही नव्हती. भुयारी गटारं मुख्यतः महानगरांत. महाराष्ट्रात जवळजवळ अडीचशे नगरपरिषदा आहेत, शिवाय नगरपंचायती. त्यांतल्या बहुतेक गावांत मैलापाण्याची कहाणी ही पाइपाची नसून टाकीची, उघड्या गटाराची आणि ओढ्याची आहे.

ओढा पुढे नदीला मिळतो, आणि नदीवर पुढचं गाव पाणी भरतं. वाईच्या खाली माहुली, मग कऱ्हाड, मग सांगली. पंचगंगेवर कोल्हापूर, त्याच्या खाली इचलकरंजी, त्याच्या खाली नृसिंहवाडी. एका गावाचा नाला आणि दुसऱ्या गावाची जॅकवेल यांच्यामध्ये नदीचे फक्त काही किलोमीटर असतात. इचलकरंजीत २०१२च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. ही कावीळ दूषित पाण्यातून पसरणारी होती. मैलापाण्याचा विषय नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात अडकवून ठेवणं किती महागात पडतं, हे त्या गावाला सांगावं लागत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशातल्या मैलाशुद्धीकरण केंद्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. त्यातली चालू क्षमता २६,८६९. प्रत्यक्षात केंद्रांत पोचणारं पाणी मात्र २०,२३५ दशलक्ष लिटर, म्हणजे शंभर लिटरमागे अठ्ठावीस. महाराष्ट्रात रोज ९,१०७ दशलक्ष लिटर तयार होतं आणि ४,२४२ दशलक्ष लिटर केंद्रांपर्यंत जातं.

या आकड्यांत सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. महाराष्ट्रात चालू असलेल्या केंद्रांची क्षमता ६,३६६ दशलक्ष लिटर होती. म्हणजे यंत्रं चालू, ऑपरेटर हजर, वीज जोडलेली, आणि तरीही एक तृतीयांश क्षमता रिकामी. नदीत मैला सोडणाऱ्या राज्यात मैलापाण्यावाचून केंद्रं रिकामी असावीत, याचं कारण यंत्रांत सापडत नाही. ते रस्त्याखाली सापडतं.

भुयारी गटार योजनेचं काम ज्या क्रमाने होतं, त्यात ही खोट आहे. आधी केंद्र उभं राहतं, कारण ते एका जागेवर असतं, त्याचं भूमिपूजन आणि लोकार्पण होतं, ठेकेदाराचं बिल सरळ निघतं. मग मोठे रस्ते उकरून मुख्य वाहिन्या टाकल्या जातात. घरापासून वाहिनीपर्यंतची जोडणी मात्र ‘दुसऱ्या टप्प्यात’ जाते, आणि तो टप्पा वर्षानुवर्षं येत नाही. घरमालकाच्या बाजूनेही अडचण खरी असते. जुन्या वाड्यात संडास परसात आणि रस्ता पुढच्या दाराला. पाइप न्यायचा तर अंगण आणि माजघराची फरशी फोडायची, उतार जुळवायचा, दोन चेंबर बांधायचे. आणि हे सगळं स्वतःच्या खर्चाने, तेही जुना सेप्टिक टँक ठीक चालला आहे असं वाटत असताना! मग जोडणी राहून जाते.

गटाराचं गणितही निष्ठुर आहे. वाहिनीतलं पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटरपेक्षा सावकाश वाहू लागलं की त्यातली वाळू आणि मैला तळाशी बसायला लागतो. हजार घरांसाठी टाकलेल्या वाहिनीला दोनशेच घरं जोडली, तर ती स्वतःच तुंबते. पाइप टाकून घरं न जोडणं म्हणूनच निव्वळ वाया गेलेला खर्च नसतो. त्यातून पुढच्या दुरुस्तीचा खर्च जन्माला येतो.

यावर नगरपरिषदा एक तोड काढतात: नाल्यावर लहानसा बांध घालून पाणी अडवायचं आणि पंपाने केंद्राकडे वळवायचं. घरं जोडण्याची कटकट नाही, काम वर्षभरात उरकतं. उन्हाळ्यात हा उपाय खरंच कामी येतो आणि गटारं होईपर्यंत तो करायलाच हवा. पण नाल्यातून मैल्याबरोबर कचरा येतो, बांधकामाची माती येते, आणि पावसाळ्यात डोंगरउतारावरचं सगळं पाणी येतं. जून ते सप्टेंबर केंद्राचा बायपास उघडा ठेवण्यावाचून ऑपरेटरला गत्यंतर नसतं.

केंद्र किती मोठं बांधायचं याचा हिशेब कागदावर सोपा असतो. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात. त्यातलं ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, मैलापाणी होऊन बाहेर पडतं. पन्नास हजार वस्तीच्या गावाचं रोजचं मैलापाणी ५४ लाख लिटर, म्हणजे ५.४ दशलक्ष लिटर. या धंद्यातली माणसं त्याला ‘साडेपाच एमएलडी’ म्हणतात. पण हे पाणी चोवीस तास सारखं येत नाही. सकाळी नळ सुटला, अंघोळी-धुणी सुरू झाली की ते सरासरीच्या अडीच पट होतं आणि मध्यरात्री ओघळ उरतो. जिथे नळाला दिवसाआड किंवा तीन दिवसांनी पाणी येतं, तिथे हा चढउतार आणखी तीव्र. माणशी १३५ लिटर पुरवठा ज्या गावात कधी झालाच नाही, तिथे १३५ लिटरच्या हिशेबाने आणि तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी बांधलेलं केंद्र पहिल्या दिवसापासून अर्धपोटी असतं.

आता केंद्राच्या आत.

पाणी पहिल्यांदा जाळ्यांतून जातं. आधी मोठ्या फटींची, मग बारीक फटींची जाळी. सकाळी या जाळीपाशी उभं राहिलं की अख्खं गाव समजतं: गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, केसांचे गुंते, सॅनिटरी पॅड, फडकी, सणाच्या दुसऱ्या दिवशी निर्माल्य. हे दाताळ्याने ओढून काढावं लागतं किंवा यंत्र काढतं. न काढल्यास पुढच्या पंपाच्या पात्यांत फडकं गुंडाळलं जातं आणि पंप बसतो. त्यानंतर वाळू खाली बसवणारी टाकी. तिथून पाणी वायुवीजनाच्या टाकीत येतं, आणि खरं काम इथे होतं.

मैलापाण्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या अंशात विरघळलेली घाण इतकी सूक्ष्म असते की ती गाळून निघत नाही. ती कुणीतरी खावी लागते. हे खाणारे जिवाणू मैल्यातच असतात, फक्त त्यांना भरपूर हवा लागते. मँचेस्टरजवळच्या डेव्हीहुल्म केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी काचेच्या बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा फुंकली. पहिल्या खेपेला पाणी पुरतं निवळायला काही आठवडे लागले. मग त्यांनी एक गोष्ट बदलली: वरचं स्वच्छ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ बाटलीत राखला आणि त्यावर नवं मैलापाणी घातलं. असं करत गेल्यावर तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. दुधाला विरजण लावावं तसा तो राखलेला गाळ काम करत होता, कारण त्यात भुकेले जिवाणू कोट्यवधींनी जमले होते. १९१४च्या एप्रिलमध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. या प्रयोगांमागे ज्यांची प्रेरणा होती, ते गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. शंभराहून अधिक वर्षं झाली, यंत्रं बदलली, संगणक आले. बहुतेक केंद्रांच्या पोटात अजून तीच युक्ती चालते.

चांगल्या ऑपरेटरचा दिवस एका काचेच्या नळकांड्याने सुरू होतो. वायुवीजनाच्या टाकीतलं एक लिटर पाणी तो नळकांड्यात भरतो आणि अर्धा तास हात न लावता ठेवतो. गाळ निरोगी असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच त्याचे पुंजके होऊन खाली सरकू लागतात, वर नितळ पाण्याचा थर दिसतो, आणि अर्ध्या तासाने गाळ तळाच्या तिसऱ्या हिश्शात बसलेला असतो. गाळ तरंगत राहिला, धाग्यांसारखा पसरला, तर तंतुमय जिवाणू माजले आहेत. टाकीतल्या पाण्याचा रंग तपकिरी आणि वास ओल्या मातीचा असला की सगळं ठीक. काळपट रंग आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी पडली. पांढरा फेस चढला की एकतर गाळ नवा आहे किंवा साबणाचं पाणी जास्त येतं आहे. तपकिरी, तेलकट साय चढली की गाळ फार जुना झाला, थोडा काढायला हवा. एवढं वाचता येणारा माणूस टाकीजवळ असेल तर केंद्र तरतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. मैलापाण्याची प्रत मोजणारी बीओडीची चाचणी भारतात २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते, तोपर्यंत ते पाणी केव्हाच नदीला लागलेलं असतं.

वायुवीजनानंतर गाळ खाली बसवतात, त्यातला काही परत टाकीत पाठवतात, जादाचा काढून वाळवतात. वरच्या पाण्यात क्लोरीन मिसळून, ते अर्धा तास थांबवून बाहेर सोडतात. इतकंच. यात न समजण्यासारखं काही नाही, पण यातलं काहीही एक दिवस बंद ठेवता येत नाही.

बंद पडण्याचं पहिलं कारण वीज. टाकीत हवा फुंकणारे ब्लोअर केंद्रातली निम्म्याहून अधिक वीज घेतात. अशा केंद्राला दर दशलक्ष लिटरमागे साधारण दीडशे ते दोनशे युनिट लागतात. पाच एमएलडीचं केंद्र पूर्ण चाललं आणि युनिटचा दर आठ रुपये धरला, तर महिन्याचं बिल दोन लाखांच्या घरात जातं. ज्या नगरपरिषदेकडे पाणीपुरवठ्याच्या पंपाचं आणि पथदिव्यांचं बिल थकलेलं असतं, तिथे हे तिसरं बिल शेवटी भरलं जातं. पाणी आलं नाही तर मोर्चा येतो; मैलापाणी तसंच नदीत गेलं तर कुणी विचारायला येत नाही. मग रात्री ब्लोअर बंद ठेवायला सुरुवात होते. काही तास जिवाणू तग धरतात, त्यानंतर गाळ काळा पडतो, आणि तो पुन्हा तयार करायला आठवडे जातात.

गेल्या काही वर्षांत नगरपरिषदांना बहुतेक वेळा ‘एसबीआर’ पद्धतीचं केंद्र मिळतं. यात एकच टाकी आळीपाळीने भरते, तिच्यात हवा सोडली जाते, मग सगळं शांत ठेवून गाळ खाली बसवतात आणि वरचं पाणी काढून घेतात. एक फेरी तीन-चार तासांची. जागा कमी लागते, पाणी उत्तम निघतं, सगळं संगणकावर चालतं. पण हवेचं प्रमाण मोजणारा एक सेन्सर बिघडला, तर नवा सेन्सर आणि तो बसवणारा माणूस मोठ्या शहरातूनच यावा लागतो. उलट टोकाला आहेत स्थिरीकरण तळी: एकामागोमाग उथळ तळी, ऊन, वारा आणि शेवाळ यांच्या बळावर पाणी सुधारतं, विजेचा खर्च नगण्य. पण एका एमएलडीला एक हेक्टर किंवा त्याहून जास्त जागा जाते, एसबीआरच्या दहापट. या दोहोंच्या मध्ये बरेच पर्याय आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली फायटोरिड पद्धत कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पतींच्या मुळांशी पाणी खेळवते. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात गात्झे लेटिंगा यांनी आणलेली यूएएसबी पद्धत हवेशिवाय चालते आणि बायोगॅस देते. कानपूरच्या जाजमऊत गंगा कृती योजनेत ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. आपल्या उबदार हवेला ती मानवते, मात्र तिच्यातून निघालेल्या पाण्यावर आणखी एक संस्कार करावा लागतो.

निवड करताना जमिनीचा भाव पाहिला जातो, अनुदान पाहिलं जातं. पाच वर्षांनी, ठेकेदाराची देखभालीची मुदत संपल्यावर हे केंद्र कोण चालवणार, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि तो सर्वांत शेवटी येतो. अमेरिकेत केंद्र चालवणाऱ्याला राज्याची परीक्षा देऊन श्रेणीनुसार परवाना मिळवावा लागतो. आपल्याकडच्या छोट्या शहरांत हे काम बहुधा ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा, तुटपुंज्या पगाराचा तरुण करतो. आयटीआय झालेला हुशार मुलगा दोन वर्षांत नळकांडं वाचायला शिकतो आणि तिसऱ्या वर्षी चार पैसे जास्त मिळतात म्हणून एमआयडीसीत जातो. त्याला थांबवणं हा कोट्यवधींच्या केंद्रावरचा सर्वांत स्वस्त विमा आहे, आणि कुठल्याही अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी तरतूद दिसत नाही.

त्याच्या जिवाचाही प्रश्न आहे. पंपघराच्या विहिरीत आणि मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. वायू मोजायचं उपकरण, दोर आणि पंखा या तीन गोष्टी प्रत्येक पंपघरावर असायलाच हव्यात.

कायदा बाकी पुष्कळ आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राच्या १९७४च्या कायद्याच्याही आधी. मानकांचा इतिहास त्याहून जुना: १९१२ मध्ये ब्रिटनच्या शाही आयोगाने नदीत सोडायच्या पाण्यासाठी बीओडी २० आणि तरंगते कण ३० ही मर्यादा सुचवली, तीही नदीत पुरेसं पाणी मिसळणार हे गृहीत धरून. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये महानगरांना बीओडी २० आणि इतरांना ३० मिलिग्रॅम अशी सवलतीची पातळी ठेवली. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती अपुरी ठरवून सर्वांसाठी दहाची मर्यादा धरली. आपल्या नद्या उन्हाळ्यात इतक्या आटतात की मिसळायला पाणीच नसतं, त्यामुळे लवादाचं म्हणणं चुकीचं नाही. पण तीसवरून दहावर येण्यासाठी नगरपरिषद महागडी यंत्रणा घेते आणि त्याच गावातली निम्मी घरं गटाराला जोडलेली नसतात. नदीच्या दृष्टीने निम्म्या गावाचं पाणी दहावर आणून उरलेलं तसंच सोडण्यापेक्षा सगळ्या गावाचं पाणी तीसवर आणणं कितीतरी हिताचं. २०२२ मध्ये लवादाने घनकचरा आणि सांडपाणी हाताळण्यातल्या अपयशाबद्दल महाराष्ट्राला सुमारे १२ हजार कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. एवढ्या रकमेत किती घरांच्या अंगणातून पाइप गेला असता!

पैसा येतच नाही असंही नाही. ‘अमृत’ ही योजना मोठ्या शहरांसाठी आहे, आणि २०२१ पासूनच्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाखालच्या शहरांना सांडपाण्यासाठी निधी मिळतो. तो बांधण्यासाठी असतो. चालवण्याचा खर्च गावाने उभा करायचा, आणि इथेच वाईचा स्वच्छता कर पुन्हा महत्त्वाचा ठरतो. कर लावणं नगरसेवकांना नको असतं. पण दारात गाडी येते, टाकी उपसली जाते, हे डोळ्यांनी दिसलं की लोक तो भरतात. भुयारी गटार होईपर्यंत थांबून राहण्याऐवजी आहे त्या टाक्यांपासून सुरुवात करण्याचं शहाणपण इतरही राज्यांना सुचलं. बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत २०१५ मध्ये मैला-गाळावर प्रक्रिया करणारं देशातलं पहिलं शहरी केंद्र झालं. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये २०१७ मध्ये झालं. ओडिशाने तर शंभराहून अधिक केंद्रं उभारली आणि त्यांतली अनेक महिला बचत गटांच्या हाती दिली. कटकचं केंद्र बहुचरामाता हा तृतीयपंथीयांचा बचत गट चालवतो.

शुद्ध झालेल्या पाण्याला गिऱ्हाईक असेल तर केंद्र बंद पडू देणं कुणालाच परवडत नाही. नागपूर महापालिकेचं शुद्ध केलेलं मैलापाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जातं. २०१६च्या वीजदर धोरणाने मैलाशुद्धीकरण केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांना असं पाणी वापरणं बंधनकारक केलं. छोट्या गावाजवळ वीज केंद्र नसतं, पण शेत असतं. नाल्याकाठचा शेतकरी आजही मोटर लावून तेच पाणी उचलतो, फक्त कच्चं. त्याच्या मेथी-कोथिंबिरीबरोबर जंताची अंडी आणि जिवाणू बाजारात येतात. नत्र आणि स्फुरद असलेलं शुद्ध पाणी त्याला उसासाठी, चाऱ्यासाठी, झाडांसाठी मिळालं तर खताचा खर्चही वाचेल.

आपल्या गावचं केंद्र खरंच चालतं का, हे पाहायला कुणालाही अभियंता व्हावं लागत नाही. प्रत्येक केंद्रात नोंदवही असते. तिच्यात रोज किती पाणी आत आलं, ब्लोअर किती तास चालले, वीज किती युनिट लागली आणि किती गाळ बाहेर काढला, हे लिहायचं असतं. नगरसेवकाने, पत्रकाराने किंवा माहिती अधिकारात अर्ज करून एखाद्या शिक्षकाने ती वही मागावी आणि शेवटच्या रकान्यापासून वाचायला सुरुवात करावी. जिवाणूंनी मैला खाल्ला की त्यांची संख्या वाढते आणि जादा गाळ काढावाच लागतो. आत येणारं पाणी रोज पन्नास लाख लिटर आणि गाळाच्या रकान्यात महिनोन्‌महिने शून्य, असं असेल तर तो गाळ पाण्याबरोबर नदीत गेला आहे, किंवा ते पाणी टाकीत आलेलंच नाही.